गादी नवी घेतली तरी सकाळी कंबर धरतेच? आधी कारण शोधा

तक्रार साधारण अशी असते. सकाळी कंबर आखडलेली असते, कुशीवर वळून हात टेकूनच उठावं लागतं, थोडं चालल्या-फिरल्यावर अंग मोकळं होतं. गादी जुनी झाली म्हणून नवी येते. दोन-तीन महिने बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग कुणीतरी सांगतं, फळीवर झोपा. आठवडाभर फळीवर काढल्यावर खांदे आणि खुबे दुखायला लागतात. मग आणखी एक गादी येते, या वेळी वर ‘ऑर्थो’ लिहिलेली आणि आधीपेक्षा महाग.

मी चिपळुणात फिजिओथेरपी करते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझी पहिली विनंती असते की गादीच्या दुकानात इतक्यात जाऊ नका. दोष गादीचा असू शकतो. पण तो गादीखालच्या पलंगाचा, उशीचा, सकाळच्या पहिल्या तासातल्या कामांचा किंवा अंथरुणाशी काहीच संबंध नसलेल्या आजाराचाही असू शकतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय लागू पडलं ते कळतं. गादी, उशी आणि व्यायाम एकाच रविवारी बदलले, तर दुखणं परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

दुखतं कधी, ते आधी लिहून काढा

आठवडाभर उशाशी कागद-पेन ठेवा. रात्री पडताना किती दुखत होतं, मध्ये जाग आली का आणि कधी, सकाळी मोकळं व्हायला किती वेळ लागला, एवढंच लिहायचं.

रात्री झोपताना ठीक असतं, सकाळी आखडलेलं असतं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या हालचालीनंतर सुटतं, असं असेल तर संशय अंथरुणावर घ्यायला जागा आहे. गावी, पाहुण्यांकडे किंवा प्रवासात दुसऱ्या अंथरुणावर झोपल्यावर हमखास बरं वाटत असेल तर तो संशय पक्का होतो. याउलट दिवस चढेल तसं दुखणं वाढत असेल, संध्याकाळी सगळ्यात जास्त असेल आणि आडवं पडल्यावर आराम वाटत असेल, तर गादीवर पैसे घालू नका. अशा वेळी बसण्याची खुर्ची, दुचाकीवरचा रोजचा प्रवास, वजन उचलण्याची पद्धत यांकडे बघायला हवं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो वर्षानुवर्षं गादीच्या नावावर खपतो. वय ४५ च्या आत असतं, बहुतेकदा विशी-तिशीच. दुखणं हळूहळू सुरू झालेलं असतं आणि तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं असतं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त, कधी दोन-दोन तास राहतो. विश्रांती घेतली की वाढतं, चाललं की कमी होतं. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते आणि उठून फेऱ्या मारल्याशिवाय चैन पडत नाही. दुखणं कधी उजव्या ढुंगणात, तर कधी डाव्या. हे वर्णन जुळत असेल तर तो मणक्यांचा आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा दाहक संधिवात असू शकतो. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस हा त्यातलाच. त्याचं निदान व्हायला अनेकांची कित्येक वर्षं जातात आणि तोवर मणके जखडू लागलेले असतात. आज त्यावर चांगली औषधं आहेत, ती वेळेत सुरू झाली तर माणूस ताठ चालतो. म्हणून अशा मुला-मुलींना मी गादीबद्दल एक शब्दही न बोलता संधिवाततज्ज्ञांकडे पाठवते. घरच्यांचं ‘एवढ्या तेवढ्याला डॉक्टर कशाला, मोबाइल कमी बघ’ हे ऐकून घेऊ नका.

आणि काही लक्षणं अशी आहेत की तिथे थांबायचंच नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा लघवी अडकणं, पायातली ताकद कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, म्हाताऱ्या माणसाचं साधं पडणं, किंवा कोणत्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल, तरी आधी डॉक्टर.

गादी उचला, खाली काय आहे ते बघा

यातलं काही नसेल तर आता पलंगाकडे वळू. नवी गादी घेऊनही दुखणं परतण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण मला गादीच्या खाली सापडतं. गादी नवी येते, पलंग तोच राहतो. खोलगट पलंगावर नवी गादी टाकली की काही आठवडे तिचा नवेपणा तो खोलगा झाकून ठेवतो. मग गादीही तोच आकार घेते.

लोखंडी पलंग असेल तर पत्रा मधोमध दबलेला असतो. नवारीचा किंवा सुतळीचा असेल तर ताण गेलेला असतो. पायथ्याकडची दोरी सोडून पुन्हा आवळली की फरक पडतो, बाजेला ती सोय मुळातच ठेवलेली असते. बॉक्स पलंगात सुताराने पातळ प्लाय टाकलेला असतो आणि मधे आडवी पट्टी दिलेलीच नसते, त्यामुळे दोन माणसांच्या वजनाने प्लाय वाकतो. फळ्यांचा पलंग असेल तर दोन फळ्यांमधलं अंतर मोजा. ते तीन इंचांहून जास्त असेल तर फोमची गादी त्या फटींत बसते.

तपासायला एक दोरी पुरते. गादी काढून पलंगाच्या दोन्ही कडांवर दोरी ताणून धरा आणि मधे दोरी आणि फळी यांत किती अंतर पडतं ते पट्टीने मोजा. हीच मोजणी मग गादीवरही करा, जिथे कंबर येते तिथे. रिकाम्या गादीवर इंचभराहून जास्त खोलगा दिसत असेल तर झोपलेल्या माणसाखाली तो याहून जास्त असणार.

यानंतरची परीक्षा म्हणजे तीच गादी, तीच उशी घेऊन आठवडाभर जमिनीवर झोपणं. खाली चटई किंवा सतरंजी टाकायची. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना खालून उठता येत नाही, त्यांनी पलंगावरच गादीखाली जाड, सरळ प्लाय टाकून बघावं. जमिनीवर बरं वाटलं तर दोष पलंगाचा. पलंगाची दुरुस्ती दोन-तीन हजारांच्या आत होऊ शकते आणि नव्या गादीचा खर्च वाचतो. जमिनीवरही तसंच दुखत असेल तर गादी तपासायची.

जमिनीवर टाकलेली गादी रोज सकाळी उचलून उभी करा. फरशी थंड असते, अंगाची उब आणि घाम खाली जाऊन गादीच्या तळाशी पाणी सुटतं, आणि आठ-पंधरा दिवसांत काळे ठिपके दिसू लागतात.

कडक की मऊ?

‘पाठीला कडक अंथरूण चांगलं’ ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की डॉक्टरही पूर्वी तेच सांगत. २००३ साली स्पेनमधला एक अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटून, कुणाला कोणती ते न सांगता, एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम कडक गादी दिली. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं आणि दिवसाच्या कामातली अडचण, दोन्ही जास्त कमी झालं होतं. गादी खड्डा पडणारी नसावी हे खरं, पण फळी हा तिचा उपाय नव्हे.

कारण सोपं आहे. आपली पाठ सपाट नसते. उताणं झोपल्यावर ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग टेकतात, कंबर अधांतरी राहते. फळीवर ती रात्रभर अधांतरी राहते आणि स्नायू तिला धरून ठेवायला धडपडतात. फार मऊ गादीवर ढुंगण सगळ्यात खोल जातं आणि पाठीची कमान मोडते. कुशीवर झोपणाऱ्यांचा खांदा आणि खुबा रुतायला थोडी जागा हवी, नाहीतर सगळं वजन त्या दोन हाडांवर येतं, हाताला मुंग्या येतात आणि माणूस रात्रभर कुशी बदलत राहतो.

मी घरी करायला सांगते ती परीक्षा अशी. गादीवर उताणे पडा, पाय सरळ. कंबरेखाली तळहात सरकवा. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. हात घुसतच नसेल, ओढून काढावा लागत असेल, तर मऊ. हात जाईल पण कंबर त्याला टेकलेली असेल तर ठीक. कुशीवर झोपणाऱ्यांनी घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा, मोबाइलवर फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यांची रेघ सरळ हवी. कंबर खाली झुकलेली दिसली तर गादी मऊ. खांदा कानाकडे चढलेला दिसला तर गादी कडक, किंवा उशीची उंची चुकलेली.

ही परीक्षा प्रत्येकाची वेगळी येते. ५० किलोच्या बाईला जी गादी दगडासारखी लागते तीच ९० किलोच्या माणसाखाली खचते. नवरा-बायकोच्या वजनात मोठा फरक असेल तर बहात्तर इंची एक गादी घेण्याऐवजी छत्तीस-छत्तीस इंची दोन गाद्या शेजारी टाकून वर एकच चादर घाला. मला हा उपाय फार आवडतो. एकाच्या कूस बदलण्याने दुसऱ्याची झोपही मोडत नाही, आणि उचलून उन्हात टाकायलाही छोटी गादी बरी पडते.

‘ऑर्थो’ हा शब्द कंपनी लिहिते. डॉक्टरांनी ठरवून दिलेला कुठलाही एक कडकपणा त्यामागे नसतो. एका कंपनीची ऑर्थो गादी दुसऱ्या कंपनीच्या साध्या गादीपेक्षा मऊ निघू शकते. तळहाताची परीक्षा त्या शब्दापेक्षा जास्त खरी.

गादी कशाची आहे, त्यावर दुरुस्ती ठरते

कापसाची गादी मला अजूनही चांगली वाटते, पण ती सांभाळावी लागते. कापूस दबतो, गुठळ्या होतात, टाके तुटले की कापूस कडेला सरकतो आणि मधे नुसती खोळ उरते. गादी कारखान्यात नेऊन कापूस पिंजून, उन्हात वाळवून पुन्हा भरून घेतली की गादी नव्यासारखी होते. वापर रोजचा असेल तर दर दोन-तीन वर्षांनी हे करावं. भरताना समोर उभं राहा. तुमचाच कापूस परत भरला जातोय की रंगीत चिंध्यांचा भुसा, ते बघा, आणि मधल्या भागात कापूस थोडा जास्त घालायला सांगा. टाके जवळजवळ मागा. हे काम पावसाळ्याआधी किंवा दिवाळीआधीच्या उन्हात. पावसात भरलेली गादी पुढे कायम वास मारते.

काथ्याच्या गादीत नारळाचा काथ्या रबराच्या चिकाने बांधून दाबलेला असतो. हवा खेळती राहते, म्हणून कोकणाच्या दमटपणात ती बरी. पण एकदा मधे बसली की ती परत उठत नाही. तिला पिंजण्याचा उपाय नाही. म्हणून पहिल्यापासूनच दर तीन महिन्यांनी उशाची बाजू पायथ्याला न्या. दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर उलटीही करा. वरच्या बाजूला फोमचा थर असेल तर उलटी करायची नाही, फक्त फिरवायची.

फोमच्या गादीत बघायची गोष्ट म्हणजे घनता, दुकानदार तिला डेन्सिटी म्हणतात. ३२, ४० असे आकडे ऐकाल. ते घनमीटरमागे किलो असतात. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. कमी घनतेचा फोम कडकही बनवता येतो, दुकानात तो छान लागतो आणि वर्षभरात बसतो. रोजच्या झोपेच्या गादीत मुख्य थराची घनता किती, हे विचारून बिलावर लिहून घ्या.

मेमरी फोम १९६६ साली अमेरिकेत ‘नासा’च्या संशोधनातून आला. विमानातल्या आसनांसाठी तो तयार झाला होता. तो अंगाच्या उबेने मऊ होतो आणि ती उब धरून ठेवतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या रात्री, त्यावर झोपणं सोपं नाही. रजोनिवृत्तीच्या काळात ज्यांना अंगातून वाफा निघतात त्यांनाही तो त्रास देतो. अशांना मी वरचा थर कापसाचा ठेवायला सांगते. जुनी पातळ कापसाची गादी किंवा घडी करून टाकलेली वाकळ पुरते.

उशी

मान धरते, हाताला मुंग्या येतात, डोकं मागच्या बाजूने दुखतं, अशी सकाळ असेल तर आधी उशी बघा. उताण्याने झोपणाऱ्याला पातळ उशी लागते. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत जेवढं अंतर असेल तेवढी जाड. पालथं झोपणाऱ्यांची मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. ती सवय सोडवायला छातीशी लांब लोड धरून कुशीवर झोपून बघा. कंबरदुखीवाल्यांनी कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये आणि उताणं झोपताना गुडघ्यांखाली आणखी एक उशी घ्यावी. एवढ्याने कित्येकांचं निम्मं काम होतं.

गादी, पलंग, उशी सगळं ठीक, तरी दुखतं?

मग उठल्यानंतरचा पहिला तास बघा. मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडवं पडल्यावर पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. उभं राहिल्यावर ते पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि यातला मोठा भाग पहिल्या तासातच निघून जातो. तोवर चकत्या ताठ असतात आणि कंबरेत पुढे वाकलं की त्यांच्यावर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो.

आणि आपल्या घरांत वाकायची सगळी कामं नेमकी याच वेळी असतात. नळाला पाणी येतं पहाटे, कळशा आणि बादल्या तेव्हाच उचलायच्या. केर, सडा, अंथरुणं उचलून कपाटात टाकणं, लहान मुलाला पाळण्यातून काढणं, सगळं उठल्या उठल्या. बाई उठते ती कामाला लागायलाच. गादी कितीही चांगली असली तरी ही कंबर आखडणार. सकाळच्या या वाकण्यावर ताबा ठेवल्याने जुनाट कंबरदुखी कमी झाल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९९८ सालीच दिसलं आहे.

उठताना आधी कुशीवर वळा, पाय पलंगाबाहेर सोडा, हाताने रेटून बसा. लगेच वाकू नका. पाच-दहा मिनिटं घरात चाला. केर आणि जड बादल्या तासाभराने, किंवा त्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलाव्यात. मी नवऱ्यांना आणि मोठ्या मुलांना समोर बसवून हे सांगते. पाणी भरणं हे एकटीचं काम राहिलं तर माझे व्यायाम तिला फार पुढे नेऊ शकत नाहीत. योगासनं करणाऱ्यांनीही पुढे वाकायची आसनं पहाटे पहिली घेऊ नयेत.

सकाळी शिंका, नाक गळतं, रात्री खोकला

ही अंथरुणाची दुसरी मोठी तक्रार आणि तीही परतून येणारी. पलंगावर पडलं की किंवा चादर झटकली की शिंका सुरू होतात, घराबाहेर पडल्यावर तासाभरात बरं वाटतं. याचं कारण बहुतेकदा धुळीतले सूक्ष्म किडे. ते आपल्या गळालेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, चावत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या विष्ठेची आपल्याला ॲलर्जी येते. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. हवेतली आर्द्रता सतत ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते टिकत नाहीत. कोकणात जून ते सप्टेंबर ती ८० च्या वर असते, म्हणजे त्यांना हवं ते सगळं आयतं मिळतं.

चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्याने ॲलर्जीचा कचरा निघतो, पण किडे मरत नाहीत. आगोटीआधी, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात कापसाच्या आणि काथ्याच्या गाद्या दिवसभर दोन्ही बाजूंनी तापवा आणि बाहेरच झोडपा. झोडपायचं काम ज्याला दमा किंवा ॲलर्जी आहे त्याने करायचं नाही. फोम आणि लेटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) मात्र कडक उन्हात खराब होतात. त्यांना पडवीत, वाऱ्यावर, सावलीत उभं करा.

किड्यांना अडवणाऱ्या खोळी मिळतात, महाग असतात. नुसत्या त्या घेऊन भागेल असं समजू नका. २००३ साली ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त प्रौढ दमेकऱ्यांवर त्या वापरून बघितल्या, तेव्हा त्यांच्या दम्यात फरक पडला नाही. ओल कमी करणं, धुणं आणि डॉक्टरांचं औषध हे सगळं मिळून चालतं. दम्याचा पंप गादी बदलली म्हणून बंद करायचा नाही.

बॉक्स पलंगात ही तक्रार जास्त असते, कारण खाली बंद पेटी आणि त्यात वर्षभराचे जुने कपडे. वरच्या प्लायला इंचभराची भोकं पाडून घ्या, पेटी आठवड्यातून एकदा उघडी ठेवा, पलंग चिऱ्याच्या ओल्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. सकाळी उठल्याबरोबर पलंगपोस घालू नका. तासभर गादी उघडी राहू द्या, रात्रीचा घाम उडू द्या.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या गावात शिरलं तेव्हा भिजलेल्या गाद्यांचे ढीग रस्त्यावर लागले होते. ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं त्यांनी त्या वाळवून पुन्हा वापरल्या, आणि ते मी समजू शकते. पण पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, तेल सगळं असतं, आणि गादीचा आतला भाग कितीही ऊन दाखवलं तरी साफ होत नाही. अशी गादी टाकून द्यावी. मदत देणाऱ्यांनी भांड्यांइतकाच चटया, सतरंज्या आणि कोरड्या गाद्यांचाही विचार करावा.

ढेकूण परत परत का येतात

अंगावर ओळीने चट्टे, चादरीवर रक्ताचे बारीक डाग, गादीच्या शिवणीत काळे ठिपके. औषध मारल्यावर ढेकूण दिसेनासे होतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा उगवतात, कारण अंडी औषधाने मरत नाहीत. ती सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत दुसरा हात द्यावाच लागतो. शिवाय अनेक ढेकणांवर नेहमीच्या फवाऱ्यांचा परिणामच होत नाही. उष्णतेपुढे मात्र ते टिकत नाहीत. आजी बाजेवर उकळतं पाणी ओतायची ते अगदी बरोबर होतं. चादरी, खोळी कढत पाण्यात, पलंगाचे सांधे आणि खिळ्यांची भोकं उकळत्या पाण्याने किंवा वाफेने. भिंतीतल्या फटी, विजेच्या बटणांच्या पट्ट्या, फोटोंच्या मागच्या बाजू यांतही ते लपतात, नुसती गादी फेकून ते जात नाहीत. तिथे पाणी न घालता फटी बुजवा.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी घरात कधीही ठेवू नका. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू दाराच्या फटीतून शेजारच्या घरातही जातो आणि माणसं, विशेषतः मुलं, झोपेत दगावतात. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. कुणी कीटकनाशकवाला तो उपाय सुचवत असेल तर त्याला दारातून परत पाठवा आणि शेजाऱ्यांनाही सावध करा.

छातीत जळजळ, घोरणं

रात्री आंबट पाणी वर येत असेल तर उशा वाढवू नका, त्याने पोट दुमडतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे भक्कम ठोकळे द्या आणि डाव्या कुशीवर झोपा. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी येणं, यावर कोणतीही गादी उपाय नाही. त्यासाठी झोपेची तपासणी करून घ्यायला हवी.

अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर

इथे गादी बदलायला उशीर करू नका. लकवा, खुब्याचं हाड मोडणं, शेवटची म्हातारी अवस्था, यांत माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपर यांच्यावर काही तासांत घाव सुरू होऊ शकतो. हवेची, आळीपाळीने फुगणारी गादी भाड्यानेही मिळते, ती आणा. पण ती आणली म्हणून कुशी बदलणं सोडू नका. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि दोघांनी मिळून उचलून. ओढून सरकवलं तर कातडी सोलते. टाचांखाली नव्हे, पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा अधांतरी राहतील. रोज अंग पुसताना लाल झालेल्या जागेवर बोट दाबून बघा. दाबल्यावर लाली क्षणभर जाऊन परत आली तर कातडी अजून ठीक आहे. लाली गेलीच नाही तर तो जखमेचा पहिला टप्पा आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागणारी जागा शोधा. त्या जागेवर पुन्हा भार येऊ द्यायचा नाही, चोळायचं नाही, आणि त्याच दिवशी नर्स किंवा डॉक्टरांना दाखवायचं.

एवढं करूनही गादी घ्यायचीच असेल तर

आपली नेहमीची उशी बरोबर घेऊन दुकानात जा. ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर किमान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा, दुकानदाराला घाई असली तरी. दोघं झोपणार असाल तर दोघांनी एकदम पडून बघा. हाताने दाबून गादी कळत नाही. पलंगाची आतली लांबी-रुंदी मोजून न्या, अर्धा इंच मोठी गादी कडेला चढून मधे उंच होते. उंचीही बघा: काठावर बसल्यावर पाय पूर्ण टेकायला हवेत आणि गुडघे खुब्यांपेक्षा वर जाता कामा नयेत, नाहीतर म्हाताऱ्या माणसांना रात्री लघवीला उठताना तोल सांभाळता येत नाही. परत करायची मुदत किती दिवसांची आणि खड्डा किती पडला तर बदलून देणार, हे बिलावर लिहून घ्या. तीस दिवसांहून कमी मुदत असेल तर मी घेऊ नका म्हणेन, कारण अंगाला नवी गादी सवयीची व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात, आणि बरं वाटतंय की नुसतं नवं वाटतंय हे त्यानंतरच कळतं.